जीपचं हूड आणि अब्बांची पट्टी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आषाढ तोंडावर आला होता. नरसीतले माझे शाळेतले गुरुजी एक दिवस सकाळीच दारात येऊन उभे राहिले. वय ऐंशीच्या घरातलं, हातात काठी. "बसा गुरुजी," म्हटलं तर बसले नाहीत. म्हणाले, "खरं सांग, तुझ्या अब्बांनी दुसऱ्याच गाडीचं हूड आमच्या गळ्यात मारलं होतं का रे?"

प्रश्नाला कारण होतं. गुरुजींच्या थोरल्या भावानं सत्तरच्या दशकात सरकारी लिलावात एक जीप घेतली होती. १९६२ सालची, महिंद्राची. तिचं हूड माझ्या अब्बांनी बसवलेलं. पुढं भाऊ गेले आणि जीप गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली राहिली. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत बदल केला. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळू लागली. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं आली, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये ठरली. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी; चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. भावाची आठवण भंगारात जाण्यापेक्षा अशी राहिली तर बरं, असं गुरुजींना वाटलं. शहरातल्या एका जाणकार गृहस्थांना त्यांनी जीप दाखवली. त्या गृहस्थांनी बोट ठेवलं ते नेमकं हूडवर. म्हणाले, "या कमानी या गाडीच्या नाहीतच. युद्धातल्या जीपच्या आहेत. फेकून द्या आणि नव्या आणा."

गुरुजींना कमानींचं दुःख नव्हतं. ज्या माणसाला आयुष्यभर सचोटीचा समजलो त्यानं फसवलं की काय, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. आणि ऐकल्यावर मलाही लागलं. मी बी.ए. झालो, कविता लिहू लागलो. पण त्याच्या कितीतरी आधी हिंगोलीच्या दुकानात अब्बांनी माझ्या हातात दाभण दिलं होतं. गुरुजींना उत्तर द्यायचं तर मला बरंच मागं जावं लागणार होतं. आज तेच तुमच्यापुढं मांडतो.

हूड म्हणजे गाडीचं घडी होणारं छप्पर. टांग्यावर होतं तेव्हा त्याला टप म्हणायचे. रचना तीच. दोन-तीन कमानी, त्या ज्यावर फिरतात ते बाजूचे खुंट, आणि वर ताणलेलं कापड किंवा चामडं. मोटार आली तेव्हा हाच टप तिच्यावर चढला. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सहावे निजाम महबूब अली खान यांच्यासाठी मागवलेली पिवळी रोल्स रॉइस अजून प्रसिद्ध आहे. ती हैदराबादेत पोचण्याआधीच, १९११ मध्ये, ते वारले. त्या काळी अशा गाड्यांची चेसिस आणि इंजिन एका कंपनीचं असे आणि बॉडी बांधणारे कारागीर वेगळे असत. या रोल्सची बॉडी इंग्लंडच्या बार्कर कंपनीनं बांधली होती. प्रत्येक बॉडी हातानं बांधलेली, त्यामुळं एकीचं हूड दुसरीला बसावं अशी अपेक्षाच कुणी करत नसे.

घोटाळा सुरू झाला तो कारखान्यातून एका नावाच्या लाखो गाड्या निघू लागल्यावर. फोर्डची मॉडेल टी १९०८ पासून १९२७ पर्यंत निघाली, दीड कोटींच्या आसपास. नाव एकच, पण गाडी एकच नव्हती. सुरुवातीच्या गाड्यांचं हूड चामडी पट्ट्यांनी पुढं ओढून बांधलेलं असे आणि ते चढवायला दोन माणसं लागत. १९२३ च्या मॉडेलला काच तिरकी आली आणि एकट्या माणसाला चढवता येईल असं हूड आलं. आता आधीच्या सालची कमान नंतरच्या गाडीवर चढवायला गेलं, तर कापड काचेशी जमणार कसं? जुन्या गाड्या जपणारी मंडळी जगभर याच एका गोष्टीपाशी अडतात.

जीपचं सुरुवातीला उलटं होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराला इतक्या जीपा हव्या होत्या, की एका कंपनीला ते झेपेना. विलीज कंपनीनं एमबी काढली आणि फोर्डनं तीच गाडी जीपीडब्ल्यू या नावानं काढली. दोघांच्या मिळून सहा लाखांहून जास्त जीपा निघाल्या. एका कंपनीचा भाग दुसरीच्या गाडीला बसलाच पाहिजे, अशी लष्कराची अट होती. लढाईच्या धामधुमीत दोन मोडक्या जीपांची एक धड जीप करता आली पाहिजे, असा त्यामागचा हिशेब. फोर्डनं मात्र आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, इंग्रजी 'एफ' अक्षर उमटवलं. हा 'एफ' लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

युद्ध संपलं आणि विलीजनं हीच जीप शेतकऱ्यासाठी काढली. १९४५ च्या सीजे-टूए या मॉडेलला मागं उघडणारं फळकं आलं आणि मागं टांगलेली स्टेपनी बाजूला गेली. १९४९ च्या सीजे-थ्रीएला समोर दोन काचांऐवजी एकच सलग काच आली. १९५३ च्या सीजे-थ्रीबीत नवं, उंच इंजिन बसवलं. त्यासाठी बॉनेट वर उचलावं लागलं आणि काचेची चौकट आखूड झाली. लांबून पाहणाऱ्याला सगळ्या जीपा सारख्याच दिसतात. हूड शिवणाऱ्याला मात्र त्या चार गाड्या असतात.

ही जीप आपल्याकडे आणणाऱ्या कंपनीची कथाही सांगण्यासारखी आहे. १९४५ मध्ये जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. गुलाम मोहम्मद यांनी त्याआधी निजाम सरकारात अर्थखात्याचं काम केलं होतं. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढं गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये इथल्या कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. आद्याक्षरं तीच राहिली. १९४९ मध्ये मुंबईत माझगावला सुट्या भागांतून जीप जोडायला सुरुवात झाली.

आमच्या घरात जीप शिरली ती त्याच्या एक वर्ष आधी. आजोबा हिंगोलीत टांग्याचे टप शिवत. हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंटच्या छावणीचं जुनं गाव, तिथं टांगे आणि बग्ग्यांचं काम पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. १९४८ चा सप्टेंबर आमच्या घरी नेहमी हळू आवाजात बोलला गेला. त्याआधी रझाकारांनी गावोगाव अत्याचार केले होते. १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली, आणि त्यानंतर अनेक गावांत ज्यांनी काही केलं नव्हतं अशा गरीब मुसलमानांनी त्याची किंमत मोजली. केंद्र सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं याची नोंद केली आहे. त्या दिवसांत आजोबा दुकान बंद करून घरात बसून होते. एके दिवशी लष्करी जीप दारापाशी थांबली. घरातल्या बायकांचा जीव वर-खाली झाला. जीपमधून उतरलेल्या जवानानं विचारलं, "टप शिवणारा कोण?" जीपचं हूड उसवलं होतं, एवढंच. आजोबांनी थरथरत्या हातांनी ते शिवलं. जवानानं पैसे दिले, पाणी मागितलं, प्यायला आणि गेला. दुसऱ्या दिवशी आजोबांनी दुकानाची फळी उघडली. अब्बा तेव्हा आठ वर्षांचे होते. म्हणायचे, "त्या दिवशी आपल्या घराला जीपचं काम मिळालं आणि धीर पण मिळाला."

त्यानंतर जीप गावोगाव आली. १९५२ मध्ये सामुदायिक विकास योजना सुरू झाली, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. गटविकास अधिकारी, तहसीलदार, डॉक्टर, सगळे जीपमधून यायचे. बहात्तरच्या दुष्काळात कामावरच्या मजुरांना लांबून धूळ दिसली, की साहेब आला हे कळायचं. आमच्या भागात सरकार दिसायचं ते असं, कॅनव्हासच्या हूडखाली बसलेलं. या जीपा जुन्या झाल्या की लिलावात निघायच्या. मग त्या जमीनदाराकडे, निवडणुकीच्या प्रचारात, आणि शेवटी प्रवासी भरून काळी-पिवळीच्या धंद्यात. पेट्रोल परवडेना म्हणून पुष्कळांनी इंजिन काढून डिझेलचं बसवलं. तेव्हा कुणाच्या मनात 'मूळ स्वरूप' ही गोष्टच नव्हती. गाडी चालली पाहिजे, एवढंच होतं. गुरुजींच्या भावानं मात्र इंजिन बदललं नव्हतं.

लिलावातल्या जीपला हूड बहुधा नसायचं. असलं तरी उंदरांनी आणि उन्हानं खाल्लेलं. नव्या कमानी मागवायच्या तर पैसे आणि वाट पाहणं, दोन्ही आलं. म्हणून अब्बा जुन्या बाजारातून कमानी आणायचे. त्यात युद्धातल्या जीपच्या असत, नंतरच्याही असत. आणि मग खरी कसोटी लागायची ती तीन ठिकाणी.

पहिलं ठिकाण म्हणजे काचेच्या चौकटीचा वरचा काठ. हूडचं कापड तिथं टिचबटणांनी आणि पट्ट्यांनी अडकतं. चौकट आणि कमान यांचं माप दोन सुतांनी जरी चुकलं, म्हणजे पाव इंचानं, तरी कापडाला झोळ पडतो. झोळात पावसाचं पाणी साचतं आणि वेगात गाडी गेली की कापड फडफडून शिवण उसवते.

दुसरं ठिकाण म्हणजे बॉडीवरचे खुंट. कमानीचा पाय किती लांब आणि खुंट कुठं, यावर कमान उभी राहिल्यावर कुठं येणार हे ठरतं आणि मिटल्यावर कुठं पडणार हेही ठरतं. शिकाऊ पोरं हूड उभं करून बघतात आणि बसलं म्हणतात. अब्बा म्हणायचे, "मिटून बघ." उभं असताना चोख दिसणारी परकी कमान मिटताना मागच्या फळक्यावर आपटते.

तिसरं ठिकाण मागचा पडदा. लष्करी जीपची पाठ बंद, त्यावर स्टेपनी. नंतरच्या जीपचं फळकं खाली पडतं. एकीचा पडदा दुसरीला लावला तर पट्टे कशाला बांधायचे, हाच प्रश्न. पुढं लांब जीपा आल्या. जुन्या जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ८० इंच, यातल्या काहींचं ९१. तिथं कमानी जमल्या तरी कापड कमी पडायचं.

यावर उपाय दोन. एक सोपा: कमानीचा पाय कापायचा, किंवा बॉडीला नवी भोकं पाडायची. पुष्कळ जण तेच करत. अब्बांनी तसं कधी केलं नाही. ते खुंटाखाली लोखंडी पट्टी घालायचे. गाडीची जुनी भोकं तशीच ठेवून त्याच बोल्टांत ती पट्टी आवळायचे आणि जेवढं माप कमी पडतं तेवढी कमान वर उचलायचे. आमच्या दखनीत सांगायचे, "काटा हुआ बढता नईं, जोडा हुआ निकलता." कापलेलं वाढवता येत नाही, जोडलेलं मात्र काढता येतं. उद्या या गाडीची खरी कमान कुणाला सापडली, तर त्याला ती बसवता आली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं असायचं.

आता माझी चूक सांगतो. अब्बांकडे पुठ्ठ्याचे नमुने होते. प्रत्येक जीपचा पुढचा काठ, कमानीची उंची, मागचा पडदा. त्यावर उर्दूत लिहिलेलं असायचं, कुठल्या सालची गाडी आणि कुठल्या गाडीची कमान. अब्बा गेल्यावर काही वर्षांनी मी दुकान बंद केलं. पत्र्याच्या टपाच्या गाड्या आल्या होत्या, काम उरलं नव्हतं. ते नमुने वाळवीनं धरले होते. मी ते रद्दीत दिले. मी कवी माणूस, कागद जपणारा. पण बापाचा कागद मला कागद वाटला नाही. गुरुजी दारात उभे राहिले तेव्हा तो एक पुठ्ठा असता, तर मी तो नुसता समोर ठेवला असता.

म्हणून पुराव्यासाठी गाडीकडेच जावं लागलं. त्याच दुपारी गुरुजींच्या वाड्यावर गेलो. पत्र्याखालून जीप बाहेर ओढली. कापडाच्या चिंध्या उरल्या होत्या, त्या सोडवल्या. खुंट पुसले. दोन्ही बाजूंना खाली लोखंडी पट्टी होती, रंग न दिलेली, कुणालाही दिसावी अशी. बोल्ट सोडवून पट्टी काढली. खालची भोकं जशीच्या तशी, एकही नवं नाही. कमानीचे पाय कुठंही कापलेले नव्हते. मग रॉकेलच्या बोळ्यानं एका बोल्टचं डोकं पुसलं आणि गुरुजींना चष्मा लावून बघायला सांगितलं. त्यावर 'एफ' होता.

"म्हणजे त्या गृहस्थांचं खरं?" गुरुजी म्हणाले.

"अगदी खरं," मी म्हणालो. "कमानी युद्धातल्याच आहेत. तेव्हा फोर्डनं केलेल्या गाडीच्या असणार. पण गुरुजी, ज्याला फसवायचंय तो हे बोल्ट बदलून टाकील, पट्टीला रंग देईल. अब्बांनी काहीच लपवलं नाही."

गुरुजी बराच वेळ त्या बोल्टकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "दादा सांगायचा खरं, उस्तादनं निम्म्या पैशात काम केलं म्हणून. जुन्या कमानी होत्या म्हणून निम्म्या पैशात, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं."

त्यानंतर मला त्यांना नियमाची दुसरी बाजूही सांगावी लागली. नियमात चेसिस, बॉडी आणि इंजिन यांचा उल्लेख आहे. हूडच्या कमानींबद्दल काय म्हणायचं ते तपासणारे ठरवतील. पण 'व्हीए' नंबर घेतलेली गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, अशाच कारणांसाठी ती रस्त्यावर आणता येते. गुरुजी थबकले. "मग परतवारीला हिला बसवून न्यायचं कसं?"

नरसी हे संत नामदेवांचं गाव. आषाढी झाली की वद्य एकादशीला इथं परतवारी भरते, कयाधूकाठ माणसांनी फुलून जातो. गुरुजींच्या पत्नीला आता चालवत नाही. त्यांना जीपमधून देवळापर्यंत न्यायचं, हे गुरुजींच्या मनात होतं. व्हिंटेजचा विचार त्यांनी तिथंच सोडला. जुनीच नोंदणी नव्यानं करून घ्यायची ठरली, आणि हूड मी शिवायचं ठरलं.

कमानी त्याच ठेवल्या. पट्टी खरवडून, गंज काढून पुन्हा घातली. नमुना नव्हता, म्हणून चिंध्या जमिनीवर पसरून त्यांच्यावरून माप घेतलं. कापड सुती कॅनव्हास घेतलं आणि दोराही सुतीच, मेण लावलेला. नायलॉनचा दोरा मजबूत असतो, पण सुती दोरा भिजला की फुगतो आणि सुईचं भोक बुजवतो. कापडही पहिल्या पावसात आकसतं, म्हणून उन्हाळ्यात हूड तंग शिवायचं नसतं. ही अक्कल माझी नाही, अब्बांची. पण हात चालायला लागला तसं एकेक आठवत गेलं. चौथ्या दिवशी हूड उभं राहिलं. गुरुजी खूश झाले. मी म्हणालो, "थांबा, मिटून बघू." मिटताना डावीकडची कमान फळक्याला घासली. पट्टी उलटी बसवली होती मी. काढली, फिरवली, पुन्हा आवळली. मग बसली.

काम चालू असताना गुरुजींनी एकदा विचारलं, "लोक तुला अजून विचारतात का रे, तू मुसलमान असून मराठीत कसा लिहितोस?" विचारतात. अब्बांच्या दुकानात बसल्यापासून या प्रश्नाचा मला राग येत नाही. घरात दखनी, शाळेत मराठी, अब्बांच्या पुठ्ठ्यांवर उर्दू. यातलं काही कापून मी मराठीत आलेलो नाही. नामदेव शिंप्याच्या घरात जन्मले, आणि त्यांची पदं आज शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. तिथं ती पाहुणी वाटत नाहीत.

शेवटी गुरुजींनी माझ्याकडून एक कागद लिहून घेतला. जीप १९६२ ची, इंजिन तिचंच. कमानी युद्धातल्या जीपच्या, सत्तरच्या दशकात बसवलेल्या, खाली पट्टी घालून. कापड नवं, कुणी शिवलं आणि कधी. त्यांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सीटखालच्या हत्यारांच्या डब्यात ठेवला. म्हणाले, "माझ्यानंतर कुणी बोट ठेवलं, तर त्याला वाचायला मिळू दे."

परतवारीला दुपारी पावसाची जोरदार सर आली. मी देवळाबाहेर गर्दीत उभा होतो. जीप समोरून हळूहळू आली. आत गुरुजींच्या पत्नी डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या, कोरड्या. फक्त मागच्या डाव्या कोपऱ्यातून पाण्याचा एक थेंब पडत होता. तिथली शिवण मला पुन्हा घ्यायची आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)